घरचा संगणक घेताना कुणाची बाजू घ्यावी?

(व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटलं असेल. एरवी आपण इथे ज्ञान म्हणजे काय, प्रमाण म्हणजे काय अशा गोष्टींवर बोलतो, आणि आज एकदम संगणकाची खरेदी! पण बारावीचा निकाल लागला, की चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर अशा सगळीकडून एकच प्रश्न येतो : "सर, पोरीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे, कोणता घेऊ?" त्याच्या मागोमाग तक्रारही येते. तिघांना विचारलं, तिघांनी तीन वेगवेगळी नावं सांगितली, आणि प्रत्येकाने बाकीच्या दोघांना वेड्यात काढलं.

हा प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. साधा, नवा, चार वर्षं चालेल असा लॅपटॉप आज साधारण पस्तीस हजारांच्या घरात जातो. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. म्हणजे हा लॅपटॉप साडेसहा क्विंटल सोयाबीनचा झाला. बाजारात चार हजारच मिळाले, तर पावणेनऊ क्विंटलचा. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल उतारा धरला, तर जवळजवळ दोन एकरांचं पीक एका यंत्रात गेलं. बी-बियाणं, खत, मजुरी यांचा हिशेब तर आपण केलेलाच नाही. ज्या घरात ही खरेदी चुकली, त्या घरात ती पुढची चार वर्षं दुरुस्त होत नाही. म्हणून विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

वाद कोणता आणि जल्प कोणता

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार येतात. सत्य काय ते कळावं म्हणून दोघं बोलतात, तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात, मग त्यासाठी शब्दच्छल करावा लागला तरी चालेल, तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडायची, ती वितंडा.

आता 'विंडोज की मॅक', 'विंडोज की लिनक्स', 'आयफोन की अँड्रॉइड' ही भांडणं आठवून पाहा. "लिनक्सला व्हायरस येतच नाही," "मॅक म्हणजे नुसता श्रीमंतांचा दिखावा," "विंडोज हँगच होतं." ही वाक्यं बहुतेक जल्पातली आहेत. प्रत्येकात थोडं तथ्य असतं आणि ते ताणून विजयापर्यंत नेलेलं असतं. लिनक्सवर व्हायरस कमी दिसतात हे खरं. पण घरगुती संगणकांत लिनक्स वापरणारे थोडे, म्हणून हल्लेखोरांचं लक्षही तिकडे कमी, हे त्याचं एक कारण आहे. 'कमी' आणि 'येतच नाही' यांच्यामधलं अंतर जल्प करणारा गिळून टाकतो.

त्याच सोळा पदार्थांत चौथा पदार्थ आहे प्रयोजन. ज्या हेतूने माणूस प्रवृत्त होतो, ते प्रयोजन. गंमत अशी, की दुकानात आणि भांडणात या चौथ्या पदार्थाची आठवण कुणालाच होत नाही. पोरगी करणार काय आहे, हे विचारायच्या आधीच कंपनीचं नाव ठरलेलं असतं.

चाळीस वर्षांपूर्वीचं भांडण

ही भांडणं नवी नाहीत. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला घरी परवडेल असा संगणक पहिल्यांदा बाजारात आला, तेव्हाच ती सुरू झाली. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 1981 मध्ये झेडएक्स81 हे यंत्र काढलं. तयार यंत्राची किंमत सत्तर पौंडांच्या आत होती आणि सुटे भाग घेऊन घरी जोडलं तर पन्नासच्या आत. पुढच्या वर्षी त्यांचं स्पेक्ट्रम आलं, 125 पौंडांपासून. समोर केंब्रिजमधलीच एकॉर्न ही कंपनी होती. तिचं बीबीसी मायक्रो मजबूत होतं आणि शाळांत बसलं, पण त्याचं मोठं मॉडेल तीनशे पौंडांच्या वर. तिकडे अमेरिकेत कमोडोर 64 ऑगस्ट 1982 मध्ये 595 डॉलरला आलं आणि किंमतयुद्धात वर्षभरात खाली, खूप खाली गेलं. त्या युद्धात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारखी मोठी कंपनी 1983 च्या अखेरीस घरगुती संगणकाच्या धंद्यातून बाहेर पडली.

इंग्लंडातल्या शाळकरी पोरांमध्ये सिंक्लेअरवाले आणि कमोडोरवाले असे तट पडले होते. पण एका गोष्टीत सगळी यंत्रं सारखीच होती. एकावर लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्यावर चालत नसे. तुम्ही ज्या तटात शिरलात, तिथेच तुमच्या कॅसेटी अडकल्या.

आपल्या देशालाही हा अनुभव आहे. 1984-85 मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी निवडलेलं यंत्र होतं बीबीसी मायक्रो. शिक्षणासाठी ते उत्तम होतं यात शंका नाही. पण थोड्याच वर्षांत कचेऱ्या आणि बँका आयबीएम पीसीच्या धर्तीच्या यंत्रांकडे वळल्या, आणि बीबीसीवरचे कार्यक्रम त्या यंत्रांवर जसेच्या तसे चालत नव्हते. यंत्र वाईट नसतानाही त्याच्यासाठी केलेली मेहनत मागे पडली.

आणि त्या तटांचं पुढे काय झालं? बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्ननेच 1985 मध्ये एआरएम या रचनेची पहिली चिप तयार केली. आज आपल्या बहुतेकांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याच रचनेची चिप आहे, मग तो आयफोन असो की अँड्रॉइड. 2020 पासून अॅपलने आपले मॅकही त्याच रचनेवर नेले. म्हणजे बाहेर ज्यांच्या नावाने पोरं भांडतात, त्यांची आतली रचना एकाच कुळातली आहे. विकणाऱ्याचं तट बांधण्यात हित असतं. घेणाऱ्याचं त्यात काय हित, हे ज्याचं त्याने तपासावं.

आपल्या मराठीचा धडा

पण सिंक्लेअर आणि कमोडोर आपल्यापासून लांब राहिले. मराठी माणसाला अडकणं म्हणजे काय हे शिकवलं ते फॉण्टांनी.

1990 च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं मराठी टायपिंग म्हणजे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, आयएसएम अशी नावं. छापखाने, वर्तमानपत्रं, कॉलेजं, तहसील, सगळीकडे हेच. त्यांनी मराठीचं मोठं काम केलं, हे आधी नमूद करू. पण या फॉण्टांची आतली रीत काय होती? उदाहरणार्थ, कृतिदेवात 'कमल' हा शब्द टाइप केला, तर यंत्राच्या पोटात डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरं साठत. पडद्यावर त्या डीच्या जागी 'क'चं, ईच्या जागी 'म'चं, वायच्या जागी 'ल'चं चित्र दिसे. फॉण्ट आहे तोवर 'कमल'. फॉण्ट गेला की नुसती डी-ई-वाय. शिवाय प्रत्येक फॉण्टाची ही वाटणी वेगळी. एकात जे 'क', ते दुसऱ्यात भलतंच.

याला उत्तर म्हणून युनिकोड आलं. त्याची पहिली आवृत्ती 1991 ची, आणि तीत देवनागरी होती. तिची मांडणी आपल्याकडच्या इस्की या भारतीय मानकावर बेतलेली आहे. युनिकोडात 'क'ला 2325 हा क्रमांक आहे, 'म'ला 2350, 'ल'ला 2354. हे क्रमांक कुठल्या कंपनीचे नाहीत. विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो की मोबाइल, 2325 म्हणजे 'क'च. म्हणूनच आज बुलढाण्यातून पाठवलेला मराठी निरोप पुण्यात किंवा परदेशातल्या लेकीच्या फोनवर जसाच्या तसा उमटतो. याचं आपल्याला आता काही वाटत नाही, पण ही सहज घडलेली गोष्ट नव्हे.

आमच्या पिढीतल्या कितीतरी प्राध्यापकांचे लेख, प्रबंध, गावोगावची गोळा केलेली जात्यावरची गाणी जुन्या फॉण्टांमध्ये पडून आहेत. फाइल उघडते आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. परिवर्तक वापरून काही परत मिळतं, पण जोडाक्षरं, रफार, वेलांट्या यांत चुका राहतात आणि पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावं लागतं. मूळ लिहिणारा माणूस गेलेला असेल, तर तपासणार कोण? खरं नुकसान ते.

यातून आम्ही घेतलेला निष्कर्ष असा : संगणकाची पूर्ण किंमत दुकानात कळत नाही, तो सोडताना कळते. आपलं लिखाण, आपले फोटो, आपले हिशेब घेऊन ज्यातून सहज बाहेर पडता येतं, तो संगणक खऱ्या अर्थाने परवडला. आत जायची वाट सगळेच गुळगुळीत करून ठेवतात. बाहेर यायची वाट पाहून घ्या.

आजचे चार तट

आता बाजारात जाऊ. प्रयोजन आणि बाहेरची वाट, हे दोन निकष हातात धरून.

*विंडोज.* आपल्या भागात सर्वांत ओळखीचं. एमएस-सीआयटी केलेल्या मुलांचा हात त्यावर बसलेला असतो, बिघडलं तर तालुक्याच्या गावी दुरुस्त करणारा सापडतो. टॅली शिकायची असेल, किंवा अभियांत्रिकीतली सॉलिडवर्क्ससारखी साधनं लागणार असतील, तर विंडोज घ्यावंच लागतं. त्यात वैचारिक भूमिकेचा प्रश्न नाही, प्रयोजनाचा आहे. मात्र एक तारीख लक्षात ठेवा. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा-दुरुस्त्यांची एक वर्षाची वाढीव सोय आहे, ती ऑक्टोबर 2026 पर्यंत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा.

या तारखेचा परिणाम आपल्या खिशावर होतो. जी यंत्रं विंडोज 11 च्या अटीत बसत नाहीत, ती जुन्या बाजारात स्वस्त होतात. बारा-पंधरा हजारांत दिसायला झकास लॅपटॉप मिळतो आणि दुकानदार म्हणतो, "सगळं टाकून देतो." विचारा, प्रोसेसर कोणत्या पिढीचा? विंडोज परवान्याचं आहे, की कुठून तरी उतरवलेलं?

*लिनक्स.* तेच जुनं यंत्र लिनक्ससाठी मात्र चांगलं असू शकतं. उबुंटू, मिंट ही फुकट आहेत, कायदेशीर आहेत, जुन्या यंत्रावर बरी पळतात आणि मराठी युनिकोड त्यांत नीट चालतं. आपल्याच सी-डॅकने 'बॉस' या नावाने भारतीय भाषांसाठी लिनक्स काढलं आहे. केरळने तर सरकारी शाळांचं संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर चालवून दाखवलं. तेव्हा 'लिनक्स फक्त तज्ज्ञांसाठी' हे म्हणणं जल्पाचंच. पण गावात अडचण आली तर विचारायला माणूस आहे का, हा प्रश्न खरा आहे. भाचा, पुतण्या, कॉलेजातला एखादा विद्यार्थी असा आधार असेल, तर लिनक्ससारखा स्वस्त पर्याय नाही.

*क्रोमबुक.* स्वस्त, हलकं, बॅटरी चांगली. पण त्याचं बहुतेक काम इंटरनेटवर. ज्या गावात नेटवर्कसाठी गच्चीवर जावं लागतं, तिथे विचार करून घ्या. गुगलने 2023 मध्ये क्रोमबुकना दहा वर्षं अद्ययावत आवृत्त्या देण्याचं जाहीर केलं, हे चांगलं. मात्र ही दहा वर्षं तुम्ही विकत घेतलं त्या दिवसापासून मोजत नाहीत, त्या यंत्राची मूळ रचना बाजारात आली तेव्हापासून मोजतात. म्हणून जुना साठा स्वस्तात मिळत असेल, तर शेवटची तारीख बघून घ्या. प्रत्येक मॉडेलची ती जाहीर केलेली असते.

*मॅक.* यंत्र उत्तम, टिकाऊ, त्याबद्दल दुमत नाही. पण नवा मॅकबुक विकत घेण्याइतक्या पैशात आपल्याकडे दोन लॅपटॉप येतात. दुरुस्तीला जिल्ह्याबाहेर जावं लागण्याची शक्यता मोठी. चित्रपट-संकलन, संगीत अशा कामातून कमाई होणार असेल तर जरूर घ्या. मैत्रिणीकडे आहे म्हणून दोन एकरांचं पीक विकू नका.

खरेदीला जाताना

थोडक्यात सांगतो ते लिहून घ्या.

पहिलं, कागदावर तीन कामं लिहा, जी हा संगणक पुढची दोन वर्षं नक्की करणार आहे. महाडीबीटीचा अर्ज, निबंध, ऑनलाइन वर्ग ही कामं ब्राउझरमधून होतात, ती कुठल्याही तटात होतील. एखादं ठरावीक सॉफ्टवेअर लागणार असेल, तर कॉलेजलाच विचारा. टायपिंगची परीक्षा द्यायची असेल, तर संस्थेत कोणती प्रणाली आणि कोणता कळफलक आहे ते आधी पाहा.

दुसरं, पैसे मर्यादित असतील तर ते आठ जीबी रॅम आणि एसएसडी यांवर घाला. साधी हार्ड डिस्क असलेल्या नव्या यंत्रापेक्षा एसएसडी असलेलं जुनं यंत्र कामाला बरं वाटतं.

तिसरं, वीज. आपल्याकडे ती कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉप तेवढ्याच पैशात जास्त ताकदीचा मिळतो हे खरं, पण त्याला यूपीएसचा खर्च जोडा आणि मग तुलना करा. जुना लॅपटॉप घेताना बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानात बसून, चार्जर काढून बघा. संकोच करू नका.

चौथं, दुकानातच एक मराठी वाक्य टाइप करून स्वतःच्या मोबाइलवर पाठवा. जसंच्या तसं उमटलं पाहिजे.

पाचवं, लिखाण खुल्या स्वरूपात ठेवा. लिबर ऑफिस फुकट आहे, तिन्ही मोठ्या प्रणालींवर चालतं आणि ज्या ओडीएफ स्वरूपात ते साठवतं, त्याला 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळालेला आहे. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर ठेवा.

एवढं केल्यावर चार पर्यायांतले बहुधा दोन आपोआप गळतात. उरलेल्या दोनांत किंमत आणि दुरुस्तीची सोय पाहून ठरवा. मग कुणी "हे कशाला घेतलं?" म्हणून वाद घालायला आलं, तर त्याला चहा पाजा आणि विचारा, "आमचं काम काय आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे का?" उत्तर 'नाही' असेल, तर तो जल्प आहे हे समजून घ्या.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, मोबाइलवर सारं भागते ना. मंग लॅपटॉप कायले घ्याचा?*

भागत असेल तर नका घेऊ! हेही उत्तर आहेच. बघणं, ऐकणं, छोटा अर्ज भरणं, पैसे पाठवणं याला मोबाइल पुरतो. वीस पानांचा प्रकल्प, हिशेबाचा मोठा तक्ता, प्रोग्रामिंग याला पडदा आणि कळफलक लागतो. मधला मार्गही आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनना स्वस्त कळफलक जोडता येतो. सहा महिने त्यावर काम करून पाहा. गरज किती आहे ते आपोआप कळेल.

*प्रश्न : दोन पोरं आहेत, एकाच वेळी कॉलेजात जाणार. एक चांगला घ्यावा की दोन साधे?*

दोघांच्या परीक्षा एकाच महिन्यात येतात, म्हणून दोन साधे, असं आम्ही म्हणू. एकाला ठरावीक सॉफ्टवेअर लागत असेल तर त्याला नवा विंडोज, दुसऱ्याला जुना लॅपटॉप लिनक्स घालून. पण घरात एकच संगणक आला, तर तो मुलाच्या खोलीत जाऊन बसतो आणि मुलीला वेळ मिळतो तो रात्री अकरानंतर, असं आम्ही बऱ्याच घरांत पाहिलं आहे. कंपनी कोणतीही घ्या, ही वाटणी आधी करा.

*प्रश्न : जुन्या फॉण्टमधल्या वडिलांच्या कविता आहेत. काय करावं?*

आजच करा, उद्यावर टाकू नका. आधी मूळ फाइलींच्या दोन प्रती काढा. फॉण्टचं नाव शोधा, तो बसवलेला संगणक कुठे मिळाला तर त्यावर उघडून छापून घ्या किंवा पीडीएफ करा, म्हणजे अक्षरांचं रूप तरी हाती राहील. मग परिवर्तकाने युनिकोडात आणा आणि छापील प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहा. वडील असतील, तर त्यांना शेजारी बसवून वाचून घ्या. ते काम पुढे कुठलाही संगणक करून देणार नाही.